एंजलची अंडी दर वेळी पांढरी का पडतात?

प्रश्न : काका, माझ्याकडे 100 लिटरच्या टाकीत एंजल माशांची जोडी आहे. दोन महिन्यांत चार वेळा हीटरच्या काचेवर अंडी घातली. दर वेळी दुसऱ्या दिवशी सगळी पांढरी होतात आणि मग दोघं मिळून खाऊन टाकतात. दुकानदाराने बुरशीचं औषध दिलं, उपयोग झाला नाही. पाणी सोसायटीच्या बोअरचं आहे. काय चुकतंय?
— एक वाचक, वाघोडिया रोड, बडोदा

उत्तर : ताई, बुरशी मागाहून येते. अंड्यात जीवच धरला नाही की ते पांढरं पडतं आणि मग त्यावर कापूस चढतो. शेदीडशे अंड्यांत दहा-वीस पांढरी निघणारच, पण सगळीच पडतात तेव्हा दोष औषधाच्या आधीचा असतो.

पहिली शंका माझी जोडीवरच आहे. एंजलमध्ये दोन माद्याही जोडी जमवतात, जागा साफ करतात, आळीपाळीने अंडी घालतात. दांडिया बाजारातल्या घरी मी अशीच एक 'जोडी' आठ महिने सांभाळली. कपाळाच्या उंचवट्यावरून एकाला नर म्हणून मला विकलं होतं, आणि मीही मानलं. त्यावर जाऊ नका. अंडी घालायच्या वेळी दोघांच्या पोटाखाली बारीक नळी बाहेर येते, ती टॉर्च लावून बघा. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. एक ओळ घालून पुढे सरकतो आणि दुसरा त्याच ओळीवरून अंग घासत जातो, असं दिसलं तर जोडी खरी.

जोडी खरी असेल तर पाणी बघा. हा मासा अॅमेझॉनच्या मऊ पाण्यातला. तुमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरत असेल तर ते जड आहे. मासे त्यात मजेत राहतात, पण अंडी फळत नाहीत. आरओचं पाणी (मशीन बाहेर टाकते ते नव्हे) थोडं थोडं मिसळत दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर आणा, एकदम नको. फिल्टरचा झोतही अंड्यांच्या जागेपासून वळवा.

हीटरवर जाळीचं कव्हर चढवा आणि बाजूला पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा उभा ठेवा. सपाट उभी जागा त्यांना आवडते, आणि हा तुकडा अंड्यांसकट उचलता येतो. नवीन जोड्या अंडी खातात, त्यांच्यावर रागावू नका. दोन-तीन खेपा तुम्हीच पाइप उचला. त्याच टाकीचं पाणी भरलेल्या 20 लिटरच्या टाकीत तिरका टेकवा, जवळ एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) असा ठेवा की बुडबुडे शेजारून जातील, अंड्यांवर आपटणार नाहीत. मिथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) घाला, पाणी फिकं निळं होईल इतकंच. आपल्याकडे उत्तरायणाच्या सुमाराला रात्री पाणी फार गार पडतं, तेव्हा या टाकीलाही हीटर हवाच. 27-28 अंशांवर ठेवा.

फळलेलं अंडं मधासारखं पारदर्शक राहतं. दुसऱ्या दिवशी भिंगातून आत काळसर ठिपका दिसतो, आणि साधारण अडीच दिवसांत शेपट्या वळवळू लागतात. डोकं पाइपला चिकटलेलं आणि शेपूट हलतंय, असा तो सगळा झुबका. इथे लोक घाईने खाणं टाकतात. टाकू नका. आणखी चार-पाच दिवस ही पिल्लं पोटातल्या बलकावर जगतात. त्या दिवसांत रोज थोडं पाणी बदलून निळा रंग काढत जा आणि आर्टेमियाची (पिल्लांना खायला द्यायचे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव, त्यांची अंडी घरी फोडतात) तयारी करा : एक लिटर पाण्याला 25 ग्रॅम जाडं मीठ, जोराची हवा, वर दिवा. आर्टेमियाची अंडी चांगली असली तर दिवसभरात फुटतात. गोड्या पाण्याने धुऊन घ्या.

पिल्लं पोहू लागतील त्या सकाळी ड्रॉपरने थोडी आर्टेमिया सोडा. दिवसातून तीन-चार वेळा, आणि तळाला उरलेली सक्शनने काढा, नाहीतर पाणी एका रात्रीत नासतं. खाल्लं की नाही ते ओळखणं सोपं आहे : टॉर्चच्या उजेडात प्रत्येकाचं पोट नारिंगी दिसेल.