मन खचलेलं असताना बायबलमध्ये आशा कुठे सापडते?

तुम्ही लिहिलंय की नोकरी जाऊन वर्ष होत आलं, घरात आईचं दुखणं आहे, आणि नातेवाईक रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर एकेक वचन पाठवतात. ते वाचून धीर येण्याऐवजी चीड येते. रात्री बायबल उघडता, चार ओळी वाचता आणि मिटून ठेवता. माझा विश्वास संपला का, आणि संपला नसेल तर नेमकं कुठून वाचू, असं तुम्ही विचारलंय.

विश्वास संपलेला नाही. देवावर चिडलेली माणसं बायबलमध्ये पानोपानी भेटतात, आणि त्यांचं चिडणं कोणी पुसून टाकलेलं नाही. ते शास्त्रात आहे, उपासनेत मोठ्याने वाचायलाच ठेवलेलं आहे.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढले. रात्री कुटुंबप्रार्थना आणि भिंतीवर वचनांचं कॅलेंडर, हे माझ्या रोजच्या जगण्यातलं. त्या कॅलेंडरवर माझा राग नाही, पण तिथे वचन एकटं असतं. त्याच्या आगेमागे काय चाललंय ते दिसत नाही. माझ्या मते तुमची अडचण इथे आहे. तुम्हाला आशेचं वाक्य तेवढं मिळतंय, आणि ते ज्या परिस्थितीत उच्चारलं गेलं ती परिस्थिती कापून टाकलेली आहे. म्हणून एकच सांगते: वचन आलं की त्याचा सगळा अध्याय वाचा.

तुम्ही ज्याचा उल्लेख केलाय तेच वचन घेऊ, यिर्मया २९:११. ‘ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.’ हे एका पत्रातलं वाक्य आहे. यरुशलेमेहून ज्यांना धरून बाबेलला (बॅबिलोनला) नेलं होतं त्यांना यिर्मया या संदेष्ट्याने, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्या माणसाने, ते पत्र पाठवलं. घर गेलं, मंदिर दूर राहिलं, परका देश, परकी भाषा. त्याच सुमारास हनन्या नावाचा एक संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्वीसारखं होईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाने लिहिलं, ७० वर्षं लागतील. हे दहावं वचन, तुमच्या व्हॉट्सअॅपवरच्या वचनाच्या अगदी एक ओळ आधी. त्याच्याही आधी पाचव्या वचनात तो म्हणतो, घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांची फळं खा. पत्र वाचणाऱ्यांतले बरेच जण परत फिरण्याआधीच मरणार होते आणि यिर्मयाला ते ठाऊक होतं. तरीही तो ‘हिताचे संकल्प’ म्हणतो. हे कळल्यावर मला त्या वचनाची चीड येईनाशी झाली, कारण ते उद्या सकाळी सगळं नीट होईल असं म्हणतच नाही. ते लांबचं बोलतं, आणि तोवर आज बाग लावायला सांगतं.

याच माणसाची आणखी एक गोष्ट ३२व्या अध्यायात आहे. बायबलमधली आशा कशी दिसते असं मला कोणी विचारलं तर मी तिच्याकडे बोट दाखवते. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलाय. शहर पडणार हे यिर्मयाने स्वतःच जाहीर केलंय आणि त्याच कारणाने राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात अडकवून ठेवलंय. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत तू विकत घे. आपल्याकडे धरणात बुडणार हे ठरलेल्या गावात कोणी रोख मोजून जमिनीचं खरेदीखत करावं, तसला हा व्यवहार. यिर्मया घेतो. १७ शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. साक्षीदारांच्या सह्या होतात. दस्ताच्या दोन प्रती होतात, एक मोहोरबंद आणि एक उघडी. मग सगळ्यांच्या देखत तो आपला लेखनिक बारूख याला सांगतो की हे दोन्ही दस्त मातीच्या भांड्यात घालून ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात घरांचे, शेतांचे, द्राक्षमळ्यांचे व्यवहार पुन्हा होतील, असं परमेश्वर म्हणतो.

त्यानंतरचा भाग लोक सहसा वाचत नाहीत. व्यवहार उरकल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो, आणि त्याच्या प्रार्थनेचा शेवट जवळजवळ असा आहे: शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती चाललंय आणि तू मला शेत विकत घ्यायला सांगतोस? म्हणजे पैसे मोजले, सही केली, आणि मन अजून पटलेलं नाही. त्याला आतून काही उबदार जाणवत होतं असं कुठेही लिहिलेलं नाही. शेवटी त्याला लोकांनी मिसर देशात (इजिप्तमध्ये) नेलं. ते शेत त्याने कसल्याचा उल्लेख नाही. तरी खरेदीखत झालं होतं.

‘काहीच जाणवत नाही’ याचा तुम्ही फार धसका घेतलाय, म्हणून हे सविस्तर सांगितलं.

आता स्तोत्रं. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी गाऱ्हाण्याची आहेत. तेरावं स्तोत्र सहाच वचनांचं आहे आणि पहिल्या दोन वचनांतच दावीद देवाला चार वेळा ‘कोठवर?’ म्हणून विचारतो. मला कायमचा विसरणार का, तोंड कोठवर लपवणार. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. तुकोबांनी विठ्ठलाशी किती भांडणं केली ते आपण लहानपणापासून ऐकत आलोय, आणि ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो. भांडता येतं ते आपल्या माणसाशीच. बेचाळिसावं आणि त्रेचाळिसावं स्तोत्र एकत्र वाचा. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ असं तो माणूस स्वतःला तीनदा विचारतो. एकदा समजूत घातली, पटली नाही, पुन्हा घातली, तरी नाही, मग परत. मनाला एकदा सांगून भागत नाही हे त्या कवीलाही माहीत होतं.

मग अठ्ठ्याऐंशीवं. हे स्तोत्र वळत नाही. बाकीच्या बहुतेक गाऱ्हाण्यांत शेवटाकडे कुठेतरी ‘तरी मी तुझ्यावर भरवसा ठेवतो’ असं येतं, इथे येत नाही. अंधारावर संपतं.

माझ्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा आम्ही हॉस्पिटलात बसून होतो. येणारा प्रत्येक जण ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावं स्तोत्र वाचून जायचा, आणि मी मान डोलवायचे. आमच्या मंडळीतल्या एक वयस्कर मावशी संध्याकाळी आल्या त्या डबा घेऊन. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. म्हणाल्या, “आधी जेव. मग तिथे बाकावर पड जरा, मी बसते भाऊंपाशी.” मी जेवले आणि झोपले. उठले तेव्हा त्यांनी पिशवीतून बायबल काढलं, ओळीखाली बोट धरून अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सावकाश वाचलं आणि शेवटच्या शब्दावर पुस्तक मिटलं. मी म्हटलं, “एवढंच?” त्या म्हणाल्या, “एवढंच आहे. दुसरं उद्या वाचू.” समजावून सांगितलं नाही, तात्पर्य काढलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं की माझी परिस्थिती देवाच्या पुस्तकात लिहिलेली आहे. मला आशा मिळाली ती तिथे.

आधी जेव, मग झोप, हा क्रमसुद्धा शास्त्रातलाच आहे हे मला नंतर लक्षात आलं. १ राजे १९ वाचा. एलीया हा कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला संदेष्टा. ईजबेल राणीची धमकी येते आणि तो जीव घेऊन पळतो. बैरशेब्यापाशी चाकराला सोडतो, एकटाच दिवसभर रानात चालत जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. मग झोपतो. देवदूत येऊन त्याला उपदेश करत नाही, विश्वास कमी पडला म्हणत नाही. त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेव्हाच पुढच्या लांबच्या वाटेचा विषय निघतो. होरेब डोंगरावर गेल्यावर देव त्याला विचारतो, एलीया, तू इथे काय करतोस? एलीया सगळं गाऱ्हाणं सांगतो: मी एकटाच उरलोय. वारा, भूकंप, अग्नी होऊन जातात, मग तो मंद स्वर, आणि पुन्हा तोच प्रश्न. एलीयाचं उत्तरही शब्दशः तेच. एवढं दर्शन होऊनही त्याचं मन लगेच पालटलेलं नाही. तेव्हा देव त्याला पुढची कामं नेमून देतो, सोबतीला अलीशा देतो, आणि सांगतो की तू एकटा नाहीस, ७ हजार आहेत.

म्हणून तुम्हाला विचारते, जेवण-झोप होतेय का? तुम्ही लिहिलेल्या एका वाक्यावरून मला काळजी वाटली. जगणं नको वाटत असेल तर ते एलीयाने देवाला सांगितलं तसं स्पष्ट शब्दांत कोणाला तरी सांगा, आणि डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. औषध घेतल्याने किंवा समुपदेशकाकडे गेल्याने प्रार्थनेचं मोल कमी होत नाही. देवदूताने आधी भाकरच दिली होती.

विलापगीत थोडक्यात सांगते. यरुशलेम इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये पडलं, त्यावरचा हा पाच अध्यायांचा आक्रोश. ‘त्याच्या करुणेला खंड पडत नाही. ती रोज सकाळी नवी होते’ हे वचन तुम्हाला नक्की कोणीतरी पाठवलं असेल. ते तिसऱ्या अध्यायात आहे, म्हणजे पुस्तकाच्या बरोबर मधोमध. त्याच्या आधीही रडणं आहे आणि नंतरही. पुस्तक संपतं ते, तू आम्हाला अगदीच टाकून दिलंस का, या सुरावर. म्हणजे आशा वाटून गेल्यावर पुन्हा अंधारून आलं तर आधीची आशा खोटी ठरत नाही. पंडिता रमाबाईंनी हे सगळं शास्त्र हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत आणलं. आईवडील आणि बहीण तरुणपणीच गेलेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, आणि अनुवादाचं काम चालू असताना १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. ५ एप्रिल १९२२ ला केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी देह ठेवला तेव्हा अनुवाद पुरा झालेला होता. मी विलापगीत वाचते तेव्हा ही ओळ कोणत्या हातांनी मराठीत उतरवली ते मनात असतं.

ख्रिस्ती आशेचा पाया मात्र पुनरुत्थान, म्हणजे येशूचं मरणातून उठणं, आहे, आणि ते मी गाळणार नाही. पण त्याआधी येशू पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत मित्रांना म्हणतो की माझा जीव मरणाएवढा दुःखी झालाय, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपतात. वधस्तंभावर तो बावीसाव्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारतो, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. गाऱ्हाण्याचं स्तोत्र त्याने स्वतःच्या तोंडात घेतलं. मग लूक २४ वाचा. दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊसला निघालेत, सुमारे ११ किलोमीटरची वाट. येशू उठलाय, त्यांच्यासोबत चालतोय, त्यांना ओळख पटत नाही. ते त्याला सांगतात, इस्राएलाची सुटका करणारा तो हाच अशी आमची आशा होती. ‘होती’ म्हणतात. त्याला सगळं माहीत असूनही तो विचारतो, कोणत्या गोष्टी? आणि त्यांचं सगळं ऐकून घेतो. शास्त्राचा उलगडा त्यानंतर. ओळख पटते ती जेवताना, भाकर मोडताना. तुम्ही त्या वाटेवर आहात असं मला वाटतं, आणि सोबत कोणी नाही असं तुम्हाला वाटतंय म्हणून ते खरं असेल असं मी मानत नाही.

वाचायला बसाल तेव्हा बरं वाटलं पाहिजे अशी अट स्वतःला घालू नका. उद्या फक्त तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचा. जमलं तर आईजवळ बसून वाचा, त्यांनाही हेच विचारायचं असण्याची शक्यता आहे. मग वर सांगितलेले अध्याय एकेक, घाई न करता. कोणी रोमकरांस पत्र ८:२८ पाठवलं, सगळ्या गोष्टी मिळून कल्याणच होतं असं, तर दोन वचनं मागे जा. तिथे लिहिलंय की आपल्याला काय प्रार्थना करावी ते कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. शब्द सुचत नसतील त्या रात्री एवढं पुरे.

वचनं पाठवणाऱ्या नातेवाइकांना उत्तर देत बसू नका. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा पहिले सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढं त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तू काहीतरी केलं असशील म्हणून हे झालं असं पटवत राहिले. शेवटी देव त्यांच्यावर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी बरोबर बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे. इतका वेळ देवाला जाब विचारणारा ईयोब! ते पुस्तक सध्या लांब वाटेल, राहू द्या. पण कधी घ्याल तेव्हा शेवटच्या अध्यायातली भरपाई आधी वाचू नका. तिसऱ्या अध्यायापासून सुरू करा, जिथे तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो.