कोजिरोची तलवार कुणी मोजली?

अनेक आशीर्वाद.

जपानी तलवारबाज सासाकी कोजिरोवरचा तुझा लेख काल रात्री दोनदा वाचला. मनापासून आवडला, म्हणूनच सविस्तर लिहितोय. बेटावरच्या त्या लढतीला प्रतिस्पर्धी मुसाशी मुद्दाम उशिरा येतो, ऊन चढत जातं, चिडलेला कोजिरो तलवार उपसून म्यान पाण्यात भिरकावतो आणि मुसाशी म्हणतो, ‘हरलास तू, जिंकणारा म्यान कशाला फेकेल?’ हे वाचताना माझाही श्वास अडकला. पण त्या परिच्छेदाची सुरुवात तू ‘इतिहास सांगतो’ अशी केली आहेस. मला खटकले ते हे दोन शब्द.

मुसाशीच्या ज्या ‘नितेनकी’ नावाच्या चरित्रामुळे म्यानाचा प्रसंग सगळीकडे पोचला, ते १७७६ सालचं. लढत झाली ती १६१२ साली. मध्ये १६४ वर्षं गेली. एवढ्या काळात गोष्टीला किती हात लागले असतील, याचा विचार कर.

आता मागे जाऊन बघ. मुसाशी १६४५ मध्ये वारला. नऊ वर्षांनी त्याचा दत्तक मुलगा इओरी याने कोकुरा इथे त्याच्या स्मरणार्थ एक शिळा उभारली. ती आजही किताक्युशू शहरात, तामुके टेकडीवर आहे. लढतीचं हाती असलेलं हे सर्वांत जुनं वर्णन. त्यात प्रतिस्पर्ध्याचं नाव नुसतं ‘गानऱ्यू’ आहे. सासाकी नाही, कोजिरोही नाही. त्याच्या हाती तीन शाकूंची तलवार आहे, म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर. एरवीचं पातं सत्तरच्या आसपास असतं, तेव्हा तलवार लांब होती एवढं खरं धरायला हरकत नाही. मुसाशीकडे लाकडी तलवार होती. आणि दोघे बेटावर एकाच वेळी आले, असं तिथे स्पष्ट कोरलेलं आहे. उशीर, वल्ह्यातून कोरलेली तलवार, म्यान, यांतलं काहीही शिळेवर नाही. तुझ्या वयाचा असताना मी एका व्याख्यानात ती वल्ह्याची गोष्ट इतिहास म्हणून ठासून सांगितली होती. पुढे शिळेचा मजकूर वाचला आणि त्या श्रोत्यांची आठवण होऊन फार वाईट वाटलं. म्हणून तुला आधीच सांगतोय.

यानंतरचा कागद नुमाता घराण्याचा, १६७२ चा. तो तर अंगावर काटा आणतो. शिष्य आणायचे नाहीत असं ठरलं होतं. कोजिरो एकटा आला. मुसाशीचे शिष्य मात्र बेटावर लपून बसले होते. फटका खाऊन पडलेला कोजिरो थोड्या वेळाने शुद्धीवर आला, तेव्हा त्यांनी मिळून त्याला ठार मारलं. कोजिरोची माणसं सूड घ्यायला निघाली, तसा मुसाशी मोजीच्या किल्ल्यात आश्रयाला गेला आणि किल्लेदार नुमाता नोबुमोतोने त्याला बंदुकधाऱ्यांच्या पहाऱ्यात सुखरूप बाहेर पोचवलं. हेच खरं, असं म्हणून लगेच यावर उडी मारू नकोस. इओरीला बापाचा गौरव करायचा होता आणि नुमातांना आपल्या पूर्वजाचा. कोजिरोच्या बाजूने लिहिणारं मात्र कुणीच नाही. तुझ्या लेखात ही गोष्ट यायला हवी होती.

मुसाशी स्वतः काय म्हणतो? ‘गोरिन नो शो’ या आपल्या ग्रंथात त्याने साठाहून अधिक लढतींचा हिशेब दिला आहे. तेराव्या वर्षी हरवलेल्या आरिमा किहेइचं नाव तो घेतो, सोळाव्या वर्षीच्या आकियामाचं घेतो. कोजिरोचं घेत नाही, बेटाचंही नाही. का, हे तू ठरवू नकोस. पण तो गप्प आहे, हे जरूर लिही.

वयाचा घोळही बघ. ‘नितेनकी’ कोजिरोला अठरा वर्षांचा म्हणते आणि तलवारबाज तोदा सेइगेनचा शिष्यही म्हणते. सेइगेन सोळाव्या शतकाच्या मध्यातला माणूस. त्याच्या हाताखाली शिकलेला गडी १६१२ साली अठराचा कसा असेल? ‘सासाकी’ हे आडनाव तर १७३७ साली ओसाकाच्या रंगमंचावर आलेल्या काबुकी नाटकातलं. इवाकुनी गावात किंताई पुलाजवळ एक विलोचं झाड दाखवतात, तिथे पाकोळ्यांवर वार करून त्याने ‘त्सुबामे-गाएशी’ हा डाव साधला म्हणे. तो पूल बांधला १६७३ मध्ये, लढतीनंतर एकसष्ट वर्षांनी. योशिकावा एइजींची मुसाशीवरची कादंबरी १९३५ ते १९३९ या काळात वर्तमानपत्रातून क्रमशः आली आणि इवाकुनीचा कोजिरो घराघरांत पोचला. आज तिथे त्याचा पुतळाही आहे.

कल्पनेवर माझा राग नाही. आपणही तानाजीची घोरपड पोवाड्यातूनच ऐकली आणि ती आपल्याला प्रिय आहे. इनोउए ताकेहिकोंनी आपल्या चित्रकथेत कोजिरोला जन्मतः बहिरा केलंय. जुन्या कागदांत याला कसलाच आधार नाही, तरीही मला तो कोजिरो फार जवळचा वाटतो, कारण तिथे कुणी ‘इतिहास सांगतो’ म्हणत नाही.

आता एक काम कर. लेखाची छापील प्रत काढ आणि प्रत्येक तपशिलासमोर समासात पेन्सिलीने साल लिही: एकाच वेळी आले, १६५४; लपलेले शिष्य, १६७२; सासाकी, १७३७; म्यान, १७७६. मग वाक्यं पुन्हा बांध. ‘शिळेवर असं आहे’, ‘शंभरेक वर्षांनी नाटकवाल्यांनी असं सांगितलं’, अशा रचनेने गोष्टीतला जोर जाईल ही भीती सोड. माणूस साल-दर-साल कसा घडत गेला, हे बघण्यात वेगळाच थरार आहे.

आणि सुरुवात बदल. म्यानापासून नको, बेटाच्या नावापासून कर. शिमोनोसेकीसमोरच्या त्या बेटाचं मूळ नाव फुनाजिमा. लोक त्याला गानऱ्यूजिमा म्हणू लागले, मेलेल्याच्या तलवारविद्येच्या नावावरून. इओरीलाही बापाच्या शिळेवर ते कोरावं लागलं. लढतीला तेव्हा बेचाळीस वर्षं झाली होती.

नवा मसुदा हाताने लिहिलेला असला तरी चालेल. महिनाभर मी घरीच आहे.