जुन्या मोटारीचे मॉड्यूल खरोखरच निकामी झाले आहे का?

प्रश्न : माझी मोटार १८ वर्षे जुनी असून इंजिन आणि गिअरबॉक्स अजूनही उत्तम स्थितीत आहेत. काही महिन्यांपासून गाडी चांगली तापली की एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागतो आणि रात्रभर थंड झाल्यावर सकाळी तो लागत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर एबीएसच्या पंपाच्या मोटरच्या सर्किटमध्ये दोष असल्याचा कोड आला आणि एबीएसचे मॉड्यूल (तिचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गेले आहे, असे सांगण्यात आले. नवे मॉड्यूल आता मिळत नाही. भंगारातील गाडीचे बसवावे, की आहे तेच दुरुस्त होऊ शकेल?

उत्तर : आपल्या वर्णनातील सर्वांत मोलाची गोष्ट ही की दोष उष्णतेबरोबर येतो आणि गाडी थंड झाल्यावर जातो. मॉड्यूलमधील एखादा भाग पूर्ण जळाला असता, तर थंड गाडीतही दिवा लागलेलाच राहिला असता. असा येणारा-जाणारा दोष बहुधा जोडाचा असतो. तांबे, सोल्डर (जोडासाठी वितळवून लावलेला धातू), प्लास्टिक आणि सर्किट बोर्ड तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षे तापण्या-निवण्याचा ताण पडून पिनेभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी बारीक, गोलाकार भेग पडते. थंड असताना तिच्या कडा एकमेकींना टेकलेल्या राहतात, तापल्या की संपर्क तुटतो. असा जोड दुरुस्त होतो, म्हणून मॉड्यूल टाकून देण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र ते उघडण्याची घाईही तितकीच चुकीची ठरेल. दोष कोणत्या सर्किटमध्ये आढळला, एवढेच स्कॅनरचा कोड सांगतो. त्या सर्किटमध्ये मॉड्यूलबरोबरच बॅटरी, फ्यूज, तारा, कनेक्टर, अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतीची जोडणी) आणि खुद्द पंपाची मोटरही येते. प्रथम बॅटरी आणि चार्जिंग पाहावे : गाडी बंद ठेवून काही तास झाल्यावर बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. त्यानंतर कनेक्टर सोडवून पिनांवर हिरवट गंज, ओल किंवा उष्णतेने काळवंडलेले प्लास्टिक आहे का, हे उजेडात नीट तपासावे.

यानंतरची चाचणी अर्थाची, आणि नेमकी हीच सर्वाधिक वेळा टाळली जाते. अनेक जण तार सोडवून मल्टिमीटरने तिचा रोध मोजतात, शून्याच्या जवळ आकडा दिसला की तार चांगली समजतात. परंतु आतले बहुतेक तंतू तुटून एकच तंतू शिल्लक राहिला, तरी मीटर तोच आकडा दाखवतो. पंपाची मोटर चालू होऊन मोठा प्रवाह वाहू लागला की मग ती तार तो पेलू शकत नाही. म्हणून मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरे मॉड्यूलच्या अर्थाच्या पिनेला लावावे आणि स्कॅनरवरून पंप चालवून पाहावा. त्या वेळी मीटरने ०.२ व्होल्टपेक्षा बराच जास्त आकडा दाखवला, तर आधी अर्थाचा जोड उघडून, घासून, घट्ट करावा. पुरवठ्याच्या तारेचीही याच पद्धतीने, बॅटरीचे धन टर्मिनल आणि पुरवठ्याची पिन यांमध्ये मीटर लावून, चाचणी घ्यावी.

हे सर्व ठीक निघाले, तर गाडी उभी असताना मॉड्यूलला केस वाळवण्याच्या यंत्राने हळूहळू ऊब द्यावी. आजूबाजूचे काही न तापवता केवळ मॉड्यूल तापल्यावर दिवा लागला आणि तोच कोड आला, तर संशयाला जागा उरत नाही.

दुरुस्ती कितपत सोपी, हे मॉड्यूलच्या रचनेवर अवलंबून आहे. साधा सर्किट बोर्ड असेल, तर भिंगाखाली मोठ्या पिनांचे जोड तपासून, जुने सोल्डर काढून, फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचे द्रव्य) लावून नवे सोल्डर देता येते. कसबी कारागिराला हे काम अवघड नाही. परंतु एबीएसच्या पुष्कळ मॉड्यूलमध्ये सिरॅमिकच्या पातळ पट्टीवर सर्किट असते, ते पारदर्शक जेलखाली झाकलेले असते आणि ॲल्युमिनियमच्या बारीक तारा सोल्डरने न जोडता ध्वनिलहरींच्या कंपनाने चिकटवलेल्या असतात. अशा तारेला साधे सोल्डर धरत नाही, आणि जेल खरवडताना शेजारच्या धडधाकट तारा तुटतात. असे मॉड्यूल केवळ याच कामाची साधने असलेल्या दुरुस्तीकाराकडे द्यावे. बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग हायड्रॉलिक ठोकळ्यापासून (ज्यातून ब्रेकचे तेल वाहते त्या भागापासून) वेगळा काढता येतो आणि ब्रेकच्या नळ्या सोडवाव्या लागत नाहीत. आपल्या गाडीत तशी सोय आहे का, हे आधी पाहावे.

झाकण पुन्हा बसवताना शिरक्यासारखा (व्हिनेगरसारखा) वास येणारे सिलिकॉन कटाक्षाने टाळावे. सुकताना त्यातून ॲसिटिक आम्ल बाहेर पडते आणि बंद डबीत ते तांब्याला गंज चढवते. ज्यातून आम्ल सुटत नाही, असेच सिलिकॉन वापरावे.

भंगारातील मॉड्यूलविषयी मी उत्साही नाही. त्याच्या जोडांनीही तितकीच वर्षे तोच ताण सोसलेला असतो. घ्यायचेच झाले, तर भाग-क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा, गाडीनुसार कोडिंग (मॉड्यूलमध्ये त्या गाडीची माहिती भरणे) लागते का हे विचारावे आणि मूळ मॉड्यूल फेकून देऊ नये.

तोपर्यंत गाडी चालवता येते, कारण एबीएस बंद पडले तरी साधे ब्रेक लागतात. मात्र जोरात ब्रेक दाबल्यास चाके लॉक होऊ शकतात, म्हणून ओल्या रस्त्यावर वेग कमी ठेवावा. एबीएसच्या पिवळ्या दिव्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी पुढे नेऊ नये.

प्रश्न : एअरबॅगच्या मॉड्यूलचेही असेच सोल्डरिंग करता येईल का?

उत्तर : घरी किंवा साध्या कार्यशाळेत ते करू नये. एबीएसची दुरुस्ती मोकळ्या मैदानात, कमी वेगाने ब्रेक दाबून तपासता येते. एअरबॅगची दुरुस्ती नीट झाली की नाही, हे प्रत्यक्ष अपघातातच कळते. शिवाय बॅटरी काढल्यावरही त्या मॉड्यूलमधील वीज साठवणारे कपॅसिटर काही काळ भारित राहतात, त्यामुळे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबल्याशिवाय त्याच्या कनेक्टरला हात लावू नये. आसनाखालचा पिवळा कनेक्टर सैल होणे हे दिवा लागण्याचे नेहमीचे कारण आहे; तेवढी तपासणी बॅटरी काढून आणि तो वेळ पाळून करून घ्यावी. मॉड्यूल मात्र बदलावे.