टर्बो गाडी पळवून आणल्यावर इंजिनाची धग कशी उतरवावी? बॉनेट उघडं ठेवावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे : इंदूरला राहतो, जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० घेतली आहे. रात्री सुपर कॉरिडॉरवर किंवा सुटीला घाटात पळवून आणली की बॉनेटला हात लाववत नाही आणि गाडी बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहतो. बॉनेट उघडावं का, टर्बो टायमर (चावी काढल्यावरही थोडा वेळ इंजिन चालू ठेवणारं यंत्र) बसवावा का, टर्बोवर ब्लँकेट (उष्णता अडवणारं वेष्टण) घालावं का?

बॉनेट उघडायचं तर खुशाल उघडा, पण त्याने टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) थंड होत नाही. टर्बो थंड करायची वेळ गाडी बंद करायच्या आधीची. नंतर तुम्ही पंख्याने वारा घाला, फुंकर मारा नाहीतर अगरबत्ती ओवाळा, आत जे व्हायचं ते होतच राहतं. आमच्या घरात हे मी बोलून बोलून थकले आहे. आता निदान कोणी आपणहून विचारलंय, तर जरा लांबण लावते.

मी पीथमपूरला फाउंड्रीत क्वालिटीला आहे. टर्बोची घरं म्हणजे हाउसिंग आमच्याकडे ओतली जात नाहीत, पण तापून तडकलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, रोज बघते. तुमच्या गाडीचं दोन लिटरचं इंजिन २३० हॉर्सपॉवरचं. ते दाबून चालवलं की टर्बाइनमध्ये, म्हणजे धुराच्या जोराने फिरणाऱ्या चाकाच्या बाजूला, शिरणारा धूर ९०० अंशांच्या वर असतो, काही पेट्रोल गाड्यांत तर हजाराला टेकतो. म्हणून त्या बाजूचं घर साध्या बिडाचं चालत नाही. सिलिकॉन-मॉलिब्डेनम घातलेलं बीड लागतं, नाहीतर भरपूर निकेलचं, आणि त्याहून तापणार असेल तर उष्णतेला टिकणारं पोलाद. त्याला जोडून मधे बेअरिंगचं घर आणि पलीकडे हवा दाबणारं ॲल्युमिनियमचं चाक. दोन्ही चाकं एकाच शाफ्टवर असतात आणि तो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. बहुतेक टर्बोंत तो धातूला टेकलेला नसतोच, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो.

इंजिन चालू आहे तोवर तेल येतं, जातं आणि जाताना धग घेऊन जातं. तुम्ही बटण दाबलंत की तेल जागच्या जागी थांबलं. तापलेलं टर्बाइनचं घर मात्र तसंच असतं आणि त्याची उष्णता शाफ्टवरून बेअरिंगकडे सरकू लागते. त्यामुळे बेअरिंग सर्वांत जास्त तापतं ते घाट चढताना नाही, गाडी बंद करून तुम्ही चहा सांगता तेव्हा. तिथे अडकलेलं तेल जळतं आणि कीटण धरतं, अगदी तळणीच्या कढईच्या काठाला धरतं तसं. असं होत होत तेलाची बारीक नळी बुजते, शाफ्टला तेल कमी पडतं आणि एक दिवस टर्बो शिट्टी मारायला लागतो. मग लोक म्हणतात टर्बो गाड्याच नाजूक.

यावर उपाय म्हणून बेअरिंगच्या घराभोवती पाणी फिरवतात, म्हणजे कूलंट. तुमच्या गाडीत इंजिन बंद झाल्यावरही हे पाणी फिरवणारा छोटा विजेचा पंप आहे. बॉनेटला कान लावलात तर बारीक घरघर ऐकू येईल. ज्या गाड्यांत असा पंप नसतो तिथेही तापलेलं पाणी आपणहून वर चढतं, थंड खाली येतं आणि थोडंफार काम भागतं. रेडिएटरचा पंखा मागून चालू राहतो तोही याचसाठी. पंखा घोंघावतोय म्हणजे गाडी बिघडली नाही, ती आपलं काम करते आहे. त्याने चांगली बॅटरी उतरत नाही, गाडी स्वतःच हिशेबाने तो बंद करते.

आता जामच्या घाटाचा किस्सा. मे महिन्यात आम्ही सगळे महेश्वरला गेलो होतो. गाडी माझी, दीड लिटरची टर्बो पेट्रोल, चालवत मी होते. शेजारी थोरले दीर, म्हणजे भाऊजी, आणि मागे सासूबाई, जाऊबाई आणि आमचे हे. परतताना मंडलेश्वरवरून जामच्या घाटाने वर आलो. ज्यांनी हा रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते : निमाडातून माळव्याच्या पठारावर चढवणारा हा घाट, आणि चढ संपतो तिथेच अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा. तिथे सगळे थांबतात. फोटो काढायचे, खालचं निमाड बघायचं, चहा प्यायचा. म्हणजे गाडी जिथे सगळ्यांत जास्त तापलेली असते, नेमकी तिथेच बंद करायची रीत. दुपारची वेळ, एसी पूर्ण चालू, पाच माणसं, डिकी भरलेली आणि सगळा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर.

मी दरवाजापाशी थांबलेच नाही. तशीच पुढे महूच्या दिशेला सपाटीवर हळूहळू गेले, गिअर वरचा, पाय हलका. मग वळून परत आले. भाऊजींना ते सहन होईना. "अगं आलं की! थांब ना. पुढे काय तुझं माहेर आहे का?" मी म्हटलं, भाऊजी, गाडी जरा निवू दे. "चालवून कुठे गाडी निवते?" त्यावर मागून सगळ्यांचं हसू.

गाडी लावली, बंद केली, पंखा सुरू झाला. इतका आवाज की चहावाल्याने मान वळवून पाहिलं. भाऊजींचा चेहराच पालटला. मी सासूबाईंना हात देऊन उतरवतेय तोवर भाऊजींनी डॅशबोर्डखालचा खटका ओढून बॉनेट वर केलं होतं आणि डिकीतून कॅन काढून झाकण फिरवत होते. तो कॅन साध्या पाण्याचा नव्हता. सासूबाईंनी महेश्वरच्या घाटावर स्वतः पायऱ्या उतरून देवासाठी भरून घेतलेलं नर्मदेचं पाणी होतं ते. भाऊजी टर्बोवरच्या पत्र्यावर धार धरणार, एवढ्यात मी जाऊन त्यांचा हात धरला आणि ओरडले. हो, ओरडले. भर रस्त्यात थोरल्या दिरांवर. सासूबाईही ओरडल्या, पण त्या पाण्यासाठी.

त्या दिवसापासून आमच्या कुटुंबात ही गोष्ट "हिने भाऊजींचा हात धरला" अशी सांगितली जाते. गाडीचं नाव कोणी काढत नाही. दिवाळीला, मुंजीला, राजेंद्रनगरच्या गणपतीत, कुठेही चार माणसं जमली की भाऊजी सुरू : "आम्ही प्रीमियर पद्मिनी गाडी चालवली चाळीस डिग्रीत, आम्हाला इंजिन थंड करायला हिने शिकवायचं."

भाऊजींची पद्मिनी खरी होती आणि त्यांचा अनुभवही खरा. त्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असायचा. उन्हात पंपातलं पेट्रोल उकळून वाफ व्हायची, पंप वाफ ओढत बसायचा आणि गाडी उभी. मग बॉनेट वर करायचं, पंपावर ओला फडका टाकायचा, दहा मिनिटांत गाडी चालू. इंदूर-खंडवा रस्त्यावर त्या काळी सिमरोलच्या घाटात अशा उघड्या बॉनेटच्या गाड्या उभ्या दिसायच्या, मी लहानपणी पाहिल्या आहेत. पण तो पंप हात भाजेल इतकाच तापायचा. टर्बाइनचं घर घाटानंतर त्याच्या कितीतरी पट तापलेलं असतं. त्यावर गार पाण्याची धार धरलीत तर बिडाला बाहेरून आकसावं लागतं आणि आतून ते फुगलेलंच असतं. चीर तिथेच पडते. शेजारी धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो, त्याच्या आतली सिरॅमिकही अशीच तडकते. फडका टाकायचं तर नावही नको. तेलकट फडका तापलेल्या टर्बोवर राहिला तर पेट घेतो.

आणि "हे सगळं आत्ताचं फॅड" म्हणणाऱ्यांसाठी : १९८५ साली आलेल्या पोर्शे ९४४ टर्बोतही गाडी बंद झाल्यावर पाणी फिरवणारा विजेचा पंप होता. भाऊजींची पद्मिनी तेव्हा ऐन भरात होती.

तर तुमच्यापुरतं. साध्या शहरी फेरीनंतर काहीही करायची गरज नाही. राऊ सर्कलवरून राजेंद्रनगरपर्यंत गाडी तशीही रांगतच येते, तेवढ्यात टर्बो निवतो. सुपर कॉरिडॉरवर पळवत असाल (पळवू नका, पण ऐकणार नाही हे माहीत आहे), तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, टर्बोला जोर न देता आणा. घाट चढून लगेच थांबायचं असेल तर मी जामला केलं तेच करा. वळायला जागाच नसेल तर मिनिट-दोन मिनिटं आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू, ठेवा. पण चालत्या गाडीला समोरून वारा लागतो, उभ्या गाडीला लागत नाही, म्हणून आयडल हा दुय्यम उपाय. पीथमपूरच्या नॅट्रॅक्ससारख्या गाड्यांच्या चाचणीच्या ट्रॅकवर, जिथला मोठा ट्रॅक ११.३ किलोमीटरचा आहे, कधी गाडी न्यायची संधी मिळाली तर शेवटची फेरी पूर्ण निवांत घ्या. तिथे हे कोणाला समजावावं लागत नाही.

परत सुरू केल्यावर गाडी मेल्यासारखी वाटते, अशी तक्रार पुष्कळांची असते. पंधरा-वीस मिनिटं उभी राहिली की बॉनेटखालची हवा आणि इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) दोन्ही तापतात. गरम हवा आत गेली की इंजिन ठोकू नये (आतलं पेट्रोल अवेळी पेटू नये) म्हणून संगणक ठिणगी उशिरा देतो आणि ताकद कमी करतो. थोडं चालवलं की वारा लागतो आणि गाडी ताळ्यावर येते. त्यासाठी गॅरेजला जाऊ नका.

गॅरेजवरून आठवलं. जुनी गाडी घेतलीय तर आधी टर्बोवरचा पत्रा, म्हणजे हीट शील्ड, जागेवर आहे का ते बघा. तुमच्या इंजिनात टर्बो मागच्या बाजूला, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) असतो, त्यामुळे वाकून टॉर्च मारावा लागेल. माझ्या आधीच्या गाडीचा तो पत्रा एका मेकॅनिकने काढून टाकला होता. विचारलं तर म्हणे, "मॅडम, बज री थी, निकाल दी." दोन बोल्ट गंजले होते, ते बदलायचा कंटाळा. पत्रा गेल्यावर बाजूच्या वायरचं वेष्टण कडक होऊन पापडी सुटली. तसंच गाडीच्या पोटाखालचं प्लास्टिक. "इससे हवा लगेगी" म्हणून तेही काढतात. ते हवा अडवायला नसतं, रेडिएटरमधून आलेल्या हवेला नीट बाहेर काढायला असतं. आणि बॉनेटच्या मागच्या बिजागरीत वॉशर घालून फट ठेवायची टूम निघाली आहे ती तर नकोच. काचेच्या बुडाशी धावत्या गाडीत हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर जाण्याऐवजी आतच शिरू शकते.

कूलंटमध्ये नळाचं पाणी घालू नका, नर्मदेचं असो वा बोअरचं. क्षार बसतात. आणि इंजिन गरम असताना टाकीचं झाकण फिरवू नका. आत दाब असतो म्हणूनच ते पाणी शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सुटलं की क्षणात उकळून तोंडावर येतं.

बॉनेट उघडायच्या मी विरुद्ध आहे असं मात्र समजू नका. उघडलं की वरची गरम हवा निघून जाते. इग्निशन कॉइल, बॅटरी, रबरी नळ्या आणि प्लास्टिकचे क्लिप यांचं आयुष्य त्याने वाढतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर नक्कीच. मीही घरी आल्यावर अंगणात कधीकधी उघडते. फक्त पंखा न सांगता सुरू होतो हे लक्षात ठेवा. ओढणी, पदर, मुलांची बोटं लांब ठेवा.  शिवाय हळू चालवून आणल्यावरही प्रत्येक वेळी पंखा खूप वेळ चालत असेल किंवा गोडसर वास येत असेल तर ती नेहमीची धग नव्हे. कूलंट गळतंय का आणि थर्मोस्टॅट ठीक आहे का ते तपासून घ्या. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच दर्जाचं सिंथेटिक आणि वेळेवर बदललेलं. माझ्या आणि मॅन्युअलच्या म्हणण्यात फरक पडला तर मॅन्युअलचं ऐका.

भाऊजींना मी हे उत्तर पाठवणार आहे. ते म्हणतील, बघ, बॉनेट उघडायला तूही सांगतेसच की. सांगते, भाऊजी. पाणी ओतायला सांगत नाही.

ब्लँकेटचं राहिलंच. रस्त्यावरच्या गाडीला नको. धग आत कोंडून बिडाचं तापमान आणखी वाढतं, आणि अशा तडकलेल्या वस्तू माझ्या टेबलावर रोज येतात. टायमरही नको. चावी काढल्यावर रिकामी गाडी बंद पोर्चमध्ये धूर सोडत उभी राहणार, आणि तुमच्या गाडीत पंप आहेच. आगाऊ पैसे दिले असतील तर परत मागा.