गोळीने झोपही छान लागत असेल, तर आधी पाकीट वाचा

तुम्ही लिहिलंय की जेवल्या जेवल्या मुरडा येतो, एसटीत बसायची धास्ती वाटते, आणि केमिस्टकडची ‘पोटाची गोळी’ घेतली की बरं वाटून झोपही छान लागते. त्या झोपेच्या वाक्यावर मी थबकले. माझंही डिट्टो असंच होतं.

आयबीएसची, म्हणजे आतड्यात दोष न दिसता पोटात मुरडा आणि शौचाची तक्रार राहणाऱ्या दुखण्याची, बाकी माहिती तुम्हाला असेलच. सिलिअ‍ॅकची (गव्हातलं ग्लुटेन न चालण्याचा आजार) रक्ततपासणीही झाली असेल असं धरते. शौचातून रक्त, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ यातलं काही असेल, तर माझं वाचत बसू नका, डॉक्टर गाठा.

मला तीन आठवड्यांसाठी लिहून दिलेली गोळी मी दोन वर्षं घेतली. त्यात आतड्याची कळ थांबवणाऱ्या क्लिडिनियमसोबत ५ मिग्रॅ क्लोरडायझेपॉक्साइड होतं. हे डायझेपामच्या जातकुळीतलं, चिंता कमी करणारं औषध. सवय लागते. शेड्यूल एच-१ मधलं आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि दुकानात वेगळ्या वहीत नोंद ठेवायची. आमचा केमिस्ट “ताई, तीच ना?” म्हणून कात्रीने सहा गोळ्या कापून द्यायचा. कापलेल्या तुकड्यावर नाव अर्धंच यायचं. त्याने वही काढली नाही, मी नाव विचारलं नाही. चूक दोघांची, पण भोगलं मी.

भाच्याच्या मुंजीला सांगलीला आठवडाभर गेले आणि गोळ्या घरीच राहिल्या. चौथ्या दिवसापासून झोप उडाली, छातीत धडधड, हात इतके थरथरायचे की कप बशीवर वाजायचा. घरचे म्हणाले, ऊन बाधलं. मला वाटलं पोटच बिघडलंय, म्हणून मऊ भातावर राहिले! परत आल्यावर नव्या डॉक्टरीणबाईंनी रिकामी पाकिटं मागवली, दोन तुकडे जोडून नाव वाचलं आणि डोक्याला हात लावला. मात्रा हळूहळू उतरवत गोळी सुटायला अडीच महिने लागले.

म्हणून हात जोडून सांगते, तुमच्या गोळीत हेच निघालं तर आजच्या आज बंद करू नका. डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने.

मला नंतर मेबेव्हेरिन १३५ मिग्रॅ दिली, हीही आतड्याची कळ थांबवणारी गोळी, जेवणाआधी २० मिनिटं. सुरुवातीला जेवल्यावर घ्यायचे आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून कुरकुरायचे. आता कुकर लावला की गोळी, हा नियम. तीही बारमाही नाही, पोट बिनसलेल्या दिवसांपुरती. डायसायक्लोमिन या कळ थांबवणाऱ्या दुसऱ्या औषधाने माझं तोंड कोरडं पडायचं, वर बद्धकोष्ठ. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ते स्वतःच्या मनाने घेऊच नये. पेपरमिंट तेलाची कॅप्सूल चावायची नाही आणि अँटासिडसोबत घ्यायची नाही, वरचं आवरण जठरातच विरघळतं आणि छातीत जळजळतं. इसबगोल मला मानवलं, गव्हाच्या कोंड्याने मात्र पोट फुगून ढोल झालं. तुमचं उलट असू शकेल.

मी डॉक्टर नाही, बँकेत काउंटरवर बसते. पण पुढच्या वेळी केमिस्टकडून अख्खी स्ट्रिप मागा, बिलासकट. आणि आत्ता घरात जो तुकडा आहे, त्याच्या मागे जेवढी अक्षरं दिसतायत तेवढी इथे लिहा.