स्टॉकहोमच्या अंधाराबद्दल, इंदूरहून निघणाऱ्या ताईंना

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टरांना स्टॉकहोमला जॉब लागलाय, ऑक्टोबरएंडला निघायचं, लेक चार वर्षांची, आणि इंदुरात जो तो घाबरवतोय की तिथं सहा महिने सूर्यच दिसत नाही, तर काय करू. मी बरीच वर्षं इथंच आहे म्हणून सविस्तर लिहितो.

सहा महिने बिहिने काही नाही. सूर्य उगवतच नाही अशी गावं पार वर, ध्रुववृत्ताच्या पलीकडे, किरुनासारखी, आणि तिथंही तो डिसेंबर-जानेवारीत काही आठवडेच गायब असतो. स्टॉकहोम 59 अंश उत्तर अक्षांशावर आहे, इथं रोज उगवतो, फक्त 21 डिसेंबरच्या सुमारास पावणेनऊला उगवून पावणेतीनला मावळतो. म्हणजे सहा तासांचा दिवस, आणि मागेपुढे पाऊण-पाऊण तास संधिप्रकाश.

आपल्याला हे डोक्यात बसत नाही कारण इंदुरात फरक तो पडतोच किती? डिसेंबरात पावणेअकरा तास, जूनमध्ये साडेतेरा, संपलं. पृथ्वीचा आस 23.4 अंश कललेला, त्यामुळे जितकं उत्तरेला जाल तितकी उन्हाळ्या-हिवाळ्यातली तफावत वाढत जाते, आणि आपण तर कर्कवृत्ताला चिकटूनच राहतो. शाळेच्या सहलीत उज्जैनचं जंतरमंतर बघितलं असेल तर तिथला शंकू आठवा, 21 जूनला भर दुपारी त्याची सावली जवळजवळ नाहीशीच होते. डिसेंबरातही इंदुरात दुपारी सूर्य 44 अंशांवर असतो, स्टॉकहोमला सात. सात अंश म्हणजे हात लांब करून क्षितिजावर मूठ धरली तर त्या मुठीच्याही आत. समोर चार मजली बिल्डिंग असेल तर झालं, दिवसभर घरात ऊन नाही.

म्हणून घर बघताना हे नक्की बघा, हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवून नैऋत्येला मावळतो, सगळा कारभार दक्षिणेला. दक्षिणेची खिडकी आणि समोर मोकळं असेल तर थोडं भाडं जास्त द्या पण तेच घ्या. उत्तरेकडच्या फ्लॅटला नोव्हेंबर ते जानेवारी ऊन शिवतही नाही, जूनमध्ये मात्र तिकडूनच पहाटे साडेतीनला झोपमोड करायला हजर!

आता तुमची तारीख. माझं स्पष्ट मत आहे की ऑक्टोबरएंड हा सगळ्यात वाईट मुहूर्त. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात, म्हणजे काल सव्वापाचला मावळणारा सूर्य आज सव्वाचारला. मग नऊ तासांचा दिवस नोव्हेंबर संपेपर्यंत साडेसहावर येतो, बहुतेक बर्फही नसतो, आभाळ भरलेलं, आणि तुमच्या ओळखीचं कुणी नाही. डिसेंबर परवडला, तेव्हा घरोघरी खिडकीत दिवे आणि कागदी तारे लावतात, 13 तारखेला लुसिया या उजेडाच्या सणाची गाणी, बर्फ पडला तर उजेड दुप्पट वाटतो. मिस्टरांना पुढे जाऊ द्या आणि तुम्ही दोघी फेब्रुवारीत या, नाहीतर कंपनीशी बोलून जमलं तर सगळेच ऑगस्टमध्ये.

फेब्रुवारीच का, तर आपल्याकडे संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, इथं तो लाडवा-लाडवाने वाढतो. मार्चमध्ये रोज पाच मिनिटांहून जास्त, इंदुरात त्याच दिवसांत सव्वा मिनिट. जानेवारी संपता संपता आठ तास, फेब्रुवारीअखेर सव्वादहा, आणि रोज ऑफिसातून निघताना फरक कळतो. (खरं तर दिवस 21-22 डिसेंबरलाच वाढायला लागतो, संक्रांत तीनेक आठवडे पुढे सरकलीय ती पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय संथपणे डोलतो त्यामुळे. आणि सगळ्यात लवकरचा सूर्यास्त इथं डिसेंबरच्या मध्यालाच होऊन जातो, पण सकाळ मात्र महिनाअखेरपर्यंत उशिरा-उशिरा होत जाते.)

लेकीचं म्हणाल तर मुलं आपल्यापेक्षा लवकर रुळतात, प्रीस्कूलवाले अंधार असो थंडी असो रोज बाहेर काढतातच. जॅकेटला चमकणारं रिफ्लेक्टर लावा, स्वतःच्याही, गाडीवाल्याला काळ्या कोटातला माणूस दिसत नाही. हिवाळ्यातल्या उन्हात व्हिटॅमिन डी तयार होण्याइतका दम नसतो, तेव्हा किती आणि कुणाला द्यायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या. आणि तुम्ही स्वतः रोज दुपारी बारा-एकला बाहेर पडा, ढग असले तरी पडा. चारला उठून चहा करू मग जाऊ म्हणालात की गेलाच दिवस.

मला विचाराल तर खरी परीक्षा जूनची. साडेअठरा तासांचा दिवस, दहा वाजून गेल्यावर मावळतो आणि बारालाही आभाळ निळंच. मूल म्हणतं अजून दिवस आहे, मी झोपणार नाही, आणि त्याला काय उत्तर देणार? काळा जाड पडदा पहिल्याच आठवड्यात घ्या, कडेनं फट राहू देऊ नका.

सासू-सासरे यायचं म्हणतील तर मे नाहीतर ऑगस्टचं तिकीट काढा. जूनमध्ये आई इथं आली होती तेव्हा दिवेलागणीला शुभंकरोति म्हणायला दहापर्यंत ताटकळत बसायची, शेवटी आम्ही साडेसात ठरवून टाकले, बाहेर लख्ख ऊन असलं तरी.