वाचकांचे प्रश्न : कारागृहातलं टपाल आणि अपिलाची मुदत

प्रश्न : माझ्या भावाला आमच्या जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा दिली. आता तो जिल्ह्याबाहेरच्या कारागृहात आहे. वकिलांनी पाठवलेलं एक पाकीट त्याला मिळालंच नाही, दुसरं मिळालं ते फोडलेलं. निकालाला 43 दिवस झाले. कारागृहावर केस करता येईल का?
(एक वाचक, ता. चोपडा)

उत्तर : येईल, पण आज नको. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात अपील करायला 60 दिवस असतात, त्यातले तुमच्या हातात 17 उरलेत. शिक्षा जळगाव, धुळे किंवा नंदुरबारची असेल, तर कैदी नाशिकरोडला असो की आणखी कुठे, अपील औरंगाबाद खंडपीठातच जातं.

टपालाची वाट पाहू नका. भावाने अपिलाचा अर्ज कारागृह अधीक्षकांकडे द्यावा. तो न्यायालयाला पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 424). अर्ज देताना बारनिशीचा (कार्यालयाच्या टपाल नोंदीचा) जावक क्रमांक आणि तारीख मागून घ्यावी. मुलाखतीच्या वेळी ती तुम्ही वहीत उतरवून ठेवा. घोळ नेमका इथेच होतो. अर्ज दिला असं सगळे सांगतात, कधी दिला ते दाखवता येत नाही.

कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची नक्कल लगेच आणि फुकट मिळायला हवी. ती कैद्याच्या हातात पडल्याची लेखी पोच कारागृहाने घ्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये होसकोट खटल्यात सांगितलं. तरी वकिलांना नक्कल विभागातून वेगळी प्रत काढायला सांगा. अर्जाची आणि प्रत तयार झाल्याची तारीख तिच्यावर असते. ती मिळवण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. एवढं करूनही उशीर झालाच, तर विलंबमाफीचा अर्ज जोडा. तिथे ती जावक तारीख तुमच्या कामी येईल.

वकीलपत्रावर भावाच्या सहीखाली जेलरची सही आणि शिक्का लागतो. तो नसला की कागद परत येतो. वकील परवडत नसेल, तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा 15100 ही हेल्पलाइन.

आता टपाल. पाकिटावर पूर्ण नाव आणि सध्याच्या कारागृहातला कैदी क्रमांक लिहा. बदली झाली की क्रमांक बदलतो, आणि जुन्या क्रमांकावरचं पत्र भटकत राहतं. स्पीड पोस्टने पाठवून पोच झाल्याचा पुरावा ठेवा.

पाकीट फोडलं एवढ्यावर सहसा काही हाती लागत नाही, कारण कैद्याचं साधं टपाल तपासायची नियमांत सोय आहे. न्यायालयाचा किंवा वकिलाचा कागद अडवला आणि त्यामुळे अपील किंवा तारीख हुकली, तर मात्र तक्रार भक्कम होते. कुठल्या नियमाखाली अडवला, हे लेखी विचारा. स्थानबद्ध संझगिरींनी लिहिलेल्या मराठी विज्ञानग्रंथाचं हस्तलिखित बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला होता. नियमात तशी बंदीच नाही म्हणून 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार टिकू दिला नाही.

भावाने तक्रारपेटीत लेखी तक्रार टाकावी आणि जिल्हा न्यायाधीश कारागृहाला भेट देतील तेव्हा तोंडीही सांगावं. आवक नोंद माहिती अधिकारात मागा. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अपिलाची मुदत जातेय हे अर्जातच लिहा. प्रश्न व्यक्तिस्वातंत्र्याचा असेल तर उत्तर 48 तासांत द्यावं लागतं, एरवी 30 दिवसांत. त्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट, म्हणजे हक्क डावलल्याबद्दलचा अर्ज. कारागृह नाशिकरोडचं असेल, तर रिट सहसा मुंबईला जातं. अपील एकीकडे आणि रिट दुसरीकडे, ही खानदेशातल्या घरांची जुनी डोकेदुखी. भरपाईसाठी दिवाणी दाव्याच्या वाटेला लागलात, तर आधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस. ती घाई आम्ही करणार नाही.

प्रश्न : मुलगा कच्चा कैदी आहे. वकील भेटायला गेले की शिपाई शेजारी उभा राहतो. चालतं का?
(एक वाचक, शिरपूर)

उत्तर : पाहिलं तर चालेल, ऐकलेलं चालणार नाही. कच्च्या कैद्याला वकिलाशी तिसऱ्या माणसाशिवाय बोलता यावं, अशी तरतूद 1894 च्या कारागृह कायद्याच्या कलम 40 मध्येच आहे. वकिलांनी आधी अधीक्षकांना लेखी द्यावं. फरक पडला नाही, तर पुढच्या तारखेला खटल्याच्याच न्यायाधीशांपुढे अर्ज करावा.